फोडीच्या आतल्या खोल्या

आंब्या बहाराचा पहिला माल ऑक्टोबरच्या अखेरीस पांढुर्ण्याच्या बाजारात उतरला की एक जुनाच वाद नव्याने पेटतो. बागवाला संत्रा सोलून फोड पुढे करतो, "खाऊन तर पहा भाऊ." व्यापारी फोड तोंडात टाकतो, मान डोलावतो आणि भाव मात्र पाडूनच सांगतो. फळ आतून गोड असलं तरी साल हिरवी आहे, आणि दूरच्या शहरातल्या गिऱ्हाइकाला हिरवा संत्रा म्हणजे कच्चा संत्रा.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. गोडी फोडीत भरते, रंग सालीत चढतो. ही दोन खाती वेगळी, दोन्हींच्या पेशी वेगळ्या, आणि पेशींच्या आतल्या ज्या खोल्यांत ही कामं चालतात त्याही वेगळ्या. एका खात्याचं काम उरकलं म्हणून दुसऱ्याचं उरकलेलं असेलच असं नाही. मला या हिरव्या-गोड संत्र्याचं नेहमी अप्रूप वाटतं. पेशीच्या आतली व्यवस्था समजून घ्यायला याहून सोयीचं फळ दुसरं नसेल. सूक्ष्मदर्शक नसला तरी अडत नाही. एक संत्रा, एक पेला आणि थोडा धीर पुरतो.

पांढुर्णा आणि सौंसर हे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे तालुके. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये त्याच छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा केला. संत्र्याच्या झाडाला यातलं काही ठाऊक नाही. नरखेड-वरूडकडे आहे तेच नागपुरी वाण इकडे, तोच जंबेरीच्या खुंटावर बांधलेला डोळा, आणि बांधावर बोलली जाते ती भाषाही तीच. शब्दांची मात्र गंमत होते. नागपूरच्या शाळेतलं पोर 'पेशी' शिकतं, पांढुर्ण्यात हिंदी माध्यमातलं पोर 'कोशिका' शिकतं, आणि त्याच्या आजोबांपुढे 'पेशी' म्हटलं की त्यांना कचेरीतली तारीख आठवते.

पेशीला जीवाची वीट म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ती उपमा मला कधी पटली नाही. विटेच्या आत खोल्या नसतात. दह्यातला जिवाणू एका खोलीत संसार करतो, पण संत्रा, बैल, माणूस, भुईछत्री या सगळ्यांच्या पेशी म्हणजे चांगले चौसोपी वाडे. आत केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, गॉल्गी पिंड, झाडांत शिवाय लवकं अशी दालनं, आणि प्रत्येक दालनाला स्वतःचा पडदा. हा पडदा चरबीच्या रेणूंच्या दुहेरी थराचा, साधारण 7 नॅनोमीटर जाडीचा. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे तेरा-चौदा हजार पडदे मावतील. एवढ्याशा पडद्याच्या अलीकडे एक हवामान असतं आणि पलीकडे दुसरंच.

आता साल पाहू. कोवळ्या संत्र्याच्या सालीत हरितलवकं असतात, पानात असतात तशीच. म्हणजे ते फळ लहानपणी स्वतःही थोडीफार साखर उन्हातून करून घेत असतं. हरितलवकाला बाहेरून दोन पडदे आणि आत हिरव्या चकत्यांच्या चळती. रात्री गार पडू लागल्या की या चळती मोडतात. हरितद्रव्याचे तुकडे होतात, चकत्यांचे पडदे विरतात, तेलकट बारीक थेंब तयार होतात आणि त्यांत पिवळी-केशरी द्रव्यं साठत जातात. लवक मरत नाही. बाहेरच्या भिंती त्याच, आतला डीएनए तोच. घरातला संसार तेवढा पालटलेला. आता त्याचं नाव वर्णलवक. संत्र्याच्या सालीची ती तांबूस झाक ज्यामुळे येते तो बीटा-सिट्रॉरिन नावाचा रंग याच खोलीत तयार होतो.

रात्रीचा पारा 13 अंशांच्या आसपास उतरला की हा पालट जोर धरतो. ऑक्टोबरातल्या रात्री अजून उबदार असतात, म्हणून आंब्या बहाराचं पहिलं फळ हिरवं राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणाऱ्या मृग बहाराच्या फळाने अख्खी थंडी झाडावर काढलेली असते, म्हणून ते कसं रंगून येतं. विषुववृत्ताजवळच्या देशांत थंडी पडतच नाही, तिथे पिकलेला संत्रा हिरवाच विकतात आणि लोक तो बिनतक्रार खातात. आपल्याकडे मग बंद खोलीत इथिलीन वायू देऊन साल रंगवून घेतात. वायू काही रंग फासत नाही. 'चळती मोडा' असा निरोप तेवढा तो लवकांना देतो. फोडीतली गोडी यानं तसूभर वाढत नाही. आणि हे नाटक उलटंही चालतं. व्हॅलेन्सिया नावाचा संत्रा झाडावरच उन्हाळ्यापर्यंत ठेवला तर केशरी साल पुन्हा हिरवट होऊ लागते, वर्णलवकं पुन्हा हरितलवकं होतात!

अशी वेषांतरं करणारं हे लवक आलं कुठून? एके काळी ते स्वतंत्र जिवाणू होतं. पाण्यात राहून उन्हावर जगणारा एक नीलहरित जिवाणू शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीने गिळला, पचवला मात्र नाही. 1905 साली मेरेश्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, ती बाजूला पडली. 1967 मध्ये लिन मार्गुलिस या अमेरिकन बाईंनी ती पुन्हा नेटाने मांडली, तोवर त्यांचा लेख पंधराएक नियतकालिकांकडून साभार परत आला होता. पुढे लवकाचा स्वतःचा डीएनए वाचता आला आणि शंका फिटली. मोसंबी ज्या जातीत मोडते तिच्या हरितलवकाचा डीएनए 2006 मध्ये पूर्ण वाचला गेला. तो सुमारे 1 लाख 60 हजार अक्षरांचा आहे, गोल आहे, जिवाणूंचा असतो तसा. पेशीला लवक कोऱ्यातून घडवता येत नाही. असलेल्या लवकाचे दोन होतात, तेवढंच. म्हणजे सौंसरच्या संत्र्याच्या सालीपासून त्या गिळल्या गेलेल्या जिवाणूपर्यंत लवकांची वंशावळ कुठेही न तुटता जाते.

डोळा बांधलेल्या झाडात तर दोन वंश एकत्र नांदतात. वर संत्र्याची लवकं, खाली मुळांत जंबेरीची. खालच्यांनी उजेड पाहिलेलाच नाही, ती पांढरी आहेत आणि पिठूळ कणांनी भरलेली आहेत. मुळाच्या अगदी टोकावरच्या टोपीतल्या पेशींत ही जड लवकं तळाशी बसतात, आणि ती कुठल्या बाजूला बसली यावरून मुळाला खाली कुठे आहे ते कळतं. पानात स्वयंपाक करणारं, सालीत नटणारं आणि मुळात ओळंब्याचं काम करणारं लवक हे एकाच जातीचं अंगक, म्हणजे पेशीतलं दालन, आहे. ते कोणत्या पेशीत नेमणुकीला आहे, त्यावर त्याचा धंदा ठरतो.

साल बाजूला ठेवून फोड हातात घ्या. पातळ पापुद्रा सोलला की आत रसाने टचटचलेले, एका टोकाला निमुळते दाणे दिसतात. पानात तयार झालेली साखर नळ्यांतून फोडीच्या भिंतीपर्यंत येते आणि तिथेच नळ्या संपतात. पुढचा रस्ता दाण्याच्या बारीक देठातून, एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे हातोहात. संत्रा भरायला महिनोन् महिने लागतात त्यात या पायवाटेचाही हात असावा. आणि ज्या नळ्यांतून ती साखर येते त्यांच्या पेशींनी तर वाट मोकळी राहावी म्हणून स्वतःचं केंद्रकच मोडून टाकलेलं असतं; शेजारच्या सोबतीण पेशी त्यांचा कारभार पाहतात.

दाण्याच्या आतली प्रत्येक पेशी म्हणजे जवळजवळ सगळी रिक्तिकाच. नाव रिक्तिका, पण भरलेली. नाव ठेवणाऱ्यांना सूक्ष्मदर्शकात ती रिकामी दिसली, त्याला कोण काय करणार. पेशीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग ती व्यापते. बाकी सगळी दालनं भिंतीकडेला, एका पातळ थरात, दाटीवाटीने. आपण पितो तो रस म्हणजे बव्हंशी या रिक्तिकांतलं पाणी, साखर आणि आम्ल.

यातलं आम्ल भलतीकडूनच येतं. सायट्रिक आम्ल तयार होतं तंतुकणिकेत, जिथे साखरेतून ऊर्जा काढायचं चक्र अहोरात्र फिरतं. आपल्या स्नायूंत आणि पोळ्याच्या बैलाच्या खांद्यातही ते फिरतं. 1937 साली हान्स क्रेब्स यांनी हे चक्र मांडलं, तेव्हा 'नेचर'कडून तोही लेख परत आला. निम्मं पेशीशास्त्र साभार परत आलेल्या लेखांवरच उभं असावं! तर बैलाच्या पेशीत हे आम्ल तयार होताक्षणी पुढे वापरलं जातं. संत्र्याची पेशी मात्र त्यातलं बरंच बाजूला काढते आणि रिक्तिकेच्या कोठीत टाकते.

कोठीत आम्ल भरणं सोपं नाही. पेशीच्या मोकळ्या द्रवाचा सामू सातच्या थोडा वर, संत्र्याच्या रसाचा साडेतीनच्या आसपास. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे 7 नॅनोमीटरच्या पडद्याच्या दोन बाजूंना काही हजारपटींचा फरक. लिंबात तो लाखाच्या घरात जातो. हा फरक टिकवायला पडद्यात पंप बसवलेले असतात. विहिरीवरच्या मोटरला वीज लागते तसं यांना एटीपी लागतं, आणि 1929 मध्ये एटीपी शोधणाऱ्यांत अमेरिकेत गेलेले आपले तेलुगू शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. लिंबू इतकं आंबट का, याचा उलगडा तर 2019 मध्ये झाला. पेटुनियाच्या पाकळीत रंग पालटणारी एक पंपांची जोडी आहे, तीच लिंबाच्या रिक्तिकेवर काम करते. बिनआंबट वाणांत ती मंदावलेली असते.

आता पेल्याची पाळी. एकदा पाहुणे येणार म्हणून मी दुपारीच डझनभर संत्र्यांचा रस काढून ठेवला. बियांसकट मिक्सरमधून काढला, हा शहाणपणा माझाच. काढल्या काढल्या चाखला तेव्हा अमृत. संध्याकाळी त्याच भांड्यातला रस कडू. नासला नव्हता, वासही चांगला होता, जिभेच्या मुळाशी मात्र कडवटपणा बसला तो बसलाच. काही वर्षांनंतर कारण वाचलं तेव्हा त्या फजितीबद्दल बरंच वाटलं.

संत्र्यात लिमोनिन हे कडू द्रव्य असंच तयार पडलेलं नसतं. असतो तो त्याचा पूर्वज, आणि तो चवीला कडू नसतो. हा पूर्वज सालीखालच्या पांढऱ्या भागात, पापुद्र्यांत, बियांत राहतो, आणि पेशीत तो आम्लाच्या कोठीबाहेर असतो. मधला पडदा शाबूत आहे तोवर आम्लाची आणि त्याची गाठ पडत नाही. मिक्सरच्या पात्याने लाखो पडदे एका मिनिटात फाटतात, आम्ल बाहेर येतं, पूर्वजाच्या रेणूचं तोंड मिटून एक कडं तयार होतं, आणि तेच लिमोनिन. हे व्हायला काही तास लागतात, रस तापवला तर आणखी लवकर होतं. लिटरभर रसात 6 मिलिग्रॅम लिमोनिन झालं तरी बहुतेकांच्या जिभेला ते कळतं. फोड तोंडात चावतानाही पडदे फाटतातच, पण आपण ती कडू व्हायच्या आत गिळून मोकळे होतो. फळ झाडावर पुरतं पिकू दिलं तर हा पूर्वज साखरेला जोडून पेशीच त्याचा निकाल लावते, म्हणून घाईने तोडलेल्या फळाचा रस जास्त कडवतो. फाटलेल्या पडद्याची चव कशी असते असं कुणी विचारलं तर मी त्याला शिळा संत्र्याचा रस देईन.

संत्र्याची साल केशरी आणि पळसाचं फूलही केशरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवून पांढुर्णा आणि सावरगाव ज्याच्यासाठी भिडतात, तेच हे पळसाचं झाड. फुलतं मात्र ते फाल्गुनात, मृगाचा संत्रा बाजारात असतानाच. तेव्हा दोन पातेल्यांत पाणी तापवा. एकात पळसाची फुलं टाका, दुसऱ्यात संत्र्याची साल. पहिलं पाणी होळीला खेळता येईल इतकं रंगतं, दुसरं फार तर पिवळट होतं. पळसाचा रंग पाण्यात विरघळणारा, रिक्तिकेत साठणाऱ्या जातीचा. पडदा फुटला की तो पाण्यात धावत सुटतो. संत्र्याचा रंग वर्णलवकातल्या तेलकट थेंबांत अडकलेला, त्याला पाणी परकं. तीच साल थोड्या कोमट तेलात ठेवून पहा, तेल रंगेल. डोळ्याला सारखे दिसणारे दोन केशरी रंग वेगळ्या दालनांतले आहेत, हे स्वयंपाकघरातली दोन भांडी सांगतात.

बागेपलीकडे कपाशी लागते. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तो गुलाबीही रिक्तिकेतलाच. पण खरं नवल बोंडात आहे. कापसाचा एक तंतू म्हणजे एक पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलतं त्या दिवशी फुगते आणि तीनएक आठवड्यांत सुमारे 3 सेंटिमीटर लांब होते, जाडी मात्र केसापेक्षा कमी. एकेका सरकीवर अशा दहा हजारांहून अधिक. लांबवण्याचं काम रिक्तिकाच करते: पाणी ओढून आतून दाब देते. दाब निसटू नये म्हणून शेजारच्या पेशींकडे जाणारी बारीक छिद्रं काही दिवस बंदसुद्धा होतात. मग गॉल्गी पिंडाची पाळी. इटलीच्या कामिल्लो गॉल्गी यांनी 1898 मध्ये ते घुबडाच्या चेतापेशीत पाहिलं, आणि पुढची पन्नासएक वर्षं लोक म्हणत राहिले की तो रंगाचा डाग आहे. सेल्युलोज विणणारी यंत्रं हा 'डाग' बाहेरच्या पडद्याकडे पाठवतो आणि भिंत थरावर थर जाड होत जाते. बोंड फुटतं तेव्हा आतली सगळी दालनं संपलेली असतात. आपण अंगावर घालतो ते ओस पडलेल्या वाड्यांच्या भिंती.

दालनं मोडून कामाला लागणारी पेशी आपल्या अंगातही आहे. रक्तातली तांबडी पेशी रक्तात उतरण्यापूर्वी केंद्रक बाहेर टाकते, तंतुकणिकाही टाकते. हिमोग्लोबिन भरायला जागा होते, आणि जो प्राणवायू वाहायचा तो स्वतःच वापरून टाकायची सोयही उरत नाही. किंमत एवढीच, की बिघाड झाला तर दुरुस्तीचा नकाशा घरात नाही. धडधाकट पेशी सुमारे 120 दिवस टिकते. सातपुड्यातल्या गोंड वस्त्यांना आणि विदर्भालाही ठाऊक असलेल्या सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या काड्या होतात, पडदा पुन्हापुन्हा ताणला जातो आणि तीच पेशी दहा-वीस दिवसांत संपते. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून.

तोच तांबडा रंग शेतातही सापडतो. कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. फुलोऱ्याच्या आधी तुरीचं एक रोप हलक्या हाताने उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसेल. ते हिमोग्लोबिनचंच भावंड आहे. गाठीतल्या पेशींत मातीतले जिवाणू राहायला आलेले असतात, हवेतल्या नत्राचं खत करणारे. प्राणवायू वाढला की त्यांचं काम थांबतं, म्हणून हे लाल द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि मोजून-मापून देतं. आणि तुरीची पेशी प्रत्येक पाहुण्याभोवती स्वतःचा पडदा गुंडाळते. पाहिलं तर थेट एक दालन.

तरी त्याला अंगक म्हणत नाहीत. एप्रिल 2024 मध्ये 'सायन्स'मध्ये एका समुद्री शेवाळाविषयी लेख आला. त्याच्या पेशीतला असाच नत्र बांधणारा जिवाणू आता पाहुणा राहिलेला नाही: पेशी दुभंगते तेव्हा तोही दुभंगतो, त्याची कितीतरी प्रथिनं पेशीच पुरवते. शास्त्रज्ञांनी त्याला नायट्रोप्लास्ट असं नाव दिलं आणि अंगकांच्या यादीत बसवलं. ज्या वाटेने लवकं आणि तंतुकणिका आल्या, त्या वाटेने आलेला हा अगदी अलीकडचा, दहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. तुरीचा पाहुणा अजून उंबरठ्यावर आहे. तो बीजातून पुढच्या पिढीत जात नाही. शेंगा भरल्या की गाठी सुकतात, फुटतात, जिवाणू पुन्हा मातीत उतरतात, आणि मृगाचा पाऊस पडून नवं रोप वर आलं की त्याच्या मुळांना आपला रस मातीत सोडून त्यांना परत बोलवावं लागतं.